डावं पैंजण

(बाईंची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी मसाज आणि व्यायामाने दुखण्यांवर उपचार करते. बाई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या मानेसाठी. वय ४३. डोंबिवलीत एका शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे सोसायटीच्या वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात. मीही तेच म्हणते. एप्रिलमध्ये त्यांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आणून जेवणाच्या टेबलावर वाकून तपासले आणि मेची सुट्टी दुखण्यात गेली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर फळ्यावर लिहायला हात वर केला की उजव्या खांद्यापासून थेट कवटीच्या बुडापर्यंत कळ जायची. घरातलं सगळं करून झालं होतं. बाम लावला, शेक घेतला, उशी बदलली, उशी काढूनच टाकली.

तपासलं तेव्हा मान डावीकडे ७० अंश वळत होती आणि उजवीकडे जेमतेम ४५. दुखणं दहापैकी सात. हाताला मुंग्या नव्हत्या, मुठीची पकड नीट होती, म्हणजे नस दबल्यासारखं काही दिसत नव्हतं. खांद्याच्या वरच्या कडेला, मानेतून खाली येऊन पाठीच्या फऱ्याला धरणारा जो स्नायू असतो, तो दोरीसारखा ताठ लागत होता. बीपी नाही, साखर नाही. ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ या माझ्या ठरलेल्या प्रश्नाला त्यांनी ‘काहीच नाही’ असं उत्तर दिलं आणि मी फॉर्मवर रेघ मारली. ही रेघ लक्षात ठेवा.

त्यांना डीप टिश्यू मसाज हवाच होता. स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगितलं होतं.

पाटीवर ‘डीप टिश्यू’ लिहिलं की लोकांना वाटतं, नेहमीची मालिश, फक्त जोर दुप्पट. खरं काम वेगळं असतं आणि बघायला कंटाळवाणं असतं. तेल अगदी कमी घ्यायचं, कारण जास्त तेलावर हात घसरतो आणि खालचा थर सापडत नाही. कोपर किंवा बोटांची पेरं स्नायूवर टेकवायची आणि थांबायचं. वरचा स्नायू आधी आखडतो, दोन-चार श्वासांत तो सैल पडतो, मग आपलं वजन हळूहळू आत जाऊ द्यायचं. इंचभर पुढे सरकायला पाच-सहा सेकंद लागतात. पेशंटचा श्वास अडकला की आपण जास्त आत गेलो, हे समजायचं. स्नायूबंधावर आडवं घासायची एक निराळी पद्धत आहे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले डॉ. जेम्स सिरिॲक्स यांनी ती रूढ केली आणि आम्हाला कॉलेजात ती घोटून शिकवली होती. तिच्यात तर तेल जवळजवळ नकोच असतं.

पहिल्या दिवशी मी चुकले. बाई म्हणत राहिल्या, ‘मॅडम, अजून जोरात, मला सहन होतंय,’ आणि मी ऐकलं. गणिताच्या बाई ‘सहन होतंय’ म्हणतात तेव्हा त्यांचं ऐकू नये, हे मी तिथे शिकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. खांद्यावर रुपयाच्या नाण्याएवढे दोन काळेनिळे डाग होते आणि खाली लिहिलं होतं, ‘अंग ठणकतंय, पण छान वाटतंय.’ माझ्या व्यवसायातला सगळ्यात फसवा निरोप हाच. लोकांना वळ उठला की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. थोडं ठणकणं एक-दोन दिवस चालतं. डाग पडणं म्हणजे त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या. त्यात बरं करणारं काहीही नाही.

जोर आणि गुण यांचं गणित तसं सरळ नाहीच. २०११ साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या ४०१ पेशंटवर एक चाचणी झाली. काहींना स्नायूंच्या खोल थरांवरचा नेमका मसाज दिला, काहींना साधा अंग सैल करणारा, आणि काहींचे नेहमीचे उपचार तेवढे चालू ठेवले. दहा आठवड्यांनी दोन्ही मसाजवाले गट तिसऱ्यापेक्षा बरे होते. पण खोल आणि हलक्या मसाजात सांगण्यासारखा फरक पडला नाही. मी हे पेशंटना सांगते तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. मलाही सुरुवातीला आवडलं नव्हतं, कारण कोपर वापरायला मी दोन वर्षं शिकले आहे.

‘गाठ फोडा’ हा दुसरा हट्ट. हाताला जी गाठ लागते ती दगडासारखी फोडायची वस्तू नसते. मसाजने ती सैल पडल्यासारखी वाटते, त्याचं मोठं कारण मज्जासंस्थेत आहे. सावकाश, भरवशाचा दाब मिळाला की मेंदू त्या जागेचा पहारा थोडा कमी करतो, दुखण्याची जाणीव घटते, मान वळते. तेच लॅक्टिक ॲसिडचं. ‘ते साचलंय, बाहेर काढा’ असं जिमवाली मुलं रोज येऊन सांगतात. व्यायामानंतर साधारण तासाभरात शरीर ते स्वतःच वापरून टाकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं वेगळ्याच कारणाचं असतं. मसाजने ते थोडं हलकं होतं, एवढंच.

दुसऱ्या वेळेपासून मी जोर निम्म्यावर आणला. तीन आठवड्यांत सहा वेळा, अर्धा अर्धा तास. सोबत मानेचे चार व्यायाम, आणि उत्तरपत्रिकांसाठी टेबलावर तिरकी फळी. सहाव्या वेळी मान उजवीकडे ६८ अंश वळली आणि दुखणं दोनवर आलं. यातलं मसाजचं श्रेय किती, व्यायामाचं किती आणि नुसत्या दिवस जाण्याचं किती, ते मला वेगळं काढता येणार नाही. कंबरदुखीवरच्या २५ चाचण्या एकत्र करून २०१५ मध्ये जो आढावा निघाला, त्याचा सूरही तसाच होता: दुखणं थोड्या काळासाठी कमी होतं, पण पुरावा कच्चा आहे. पण बाई खूश होत्या. त्यांच्या लेखी माझ्या हाताला गुण होता. पुढचं सगळं या विश्वासातून झालं.

सप्टेंबर

गौरी-गणपतीला बाई कणकवलीजवळ सासरी गेल्या. शनिवारी रात्री गाडीत बसल्या, माणगावला तीन तास अडकल्या आणि एकूण सोळा तासांनी पोचल्या. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी वेगळं काही लिहायची गरज नाही. मागच्या सीटवर त्या मध्ये बसलेल्या, मांडीवर नैवेद्याच्या सामानाची पिशवी, पायांशी दुसरी. बाथरूमची सोय नाही म्हणून पाणी प्यायलं नाही. परतीचा प्रवासही असाच, चौदा तासांचा.

परत आल्यावर दोन दिवसांनी डावी पोटरी दुखायला लागली. आधी वाटलं, गोळा आला असेल. नवऱ्याने बाम चोळून दिला. मग त्यांनी पालथं झोपून आठ वर्षांच्या भाच्याला पोटऱ्यांवर उभं केलं. हे आपल्याकडे घरोघरी चालतं, मीसुद्धा लहानपणी आजीच्या पायांवर नाचले आहे. भाचा उजवीवर उभा राहिला तेव्हा बरं वाटलं, डावीवर पाय ठेवल्यावर त्या ओरडल्या. मंगळवारी संध्याकाळी शाळेतून परस्पर माझ्याकडे आल्या.

‘मॅडम, मानेला केलंत ना, तस्संच जरा या पोटरीला रगडून द्या. दहा मिनिटं. उभं राहून तास घेता येत नाही.’

बाहेर पुढचा पेशंट बसला होता. दहा मिनिटांचं काम, ओळखीचा पेशंट. मी नव्याने फॉर्म भरला नाही. बाई टेबलावर पालथ्या झोपल्या, मी साडीची कड गुडघ्यापर्यंत वर केली आणि तळहातावर तेल घेतलं.

घोट्यापासून वर जायचं म्हणून मी दोन्ही पैंजणं वर सरकवायला गेले. उजवं सरळ चार बोटं वर गेलं. डावं हललं नाही. जोडीतलीच दोन, एकाच मापाची. डाव्या पायात ती साखळी मांसात रुतून बसली होती. मी तिची कडी काढली तर खाली सगळ्या घुंगरांचे ठसे उठलेले, एकेक मोजता यावेत इतके खोल. ठशाशेजारी अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

मी हात पुसले.

टेप घेतली. गुडघ्याच्या खाली नडगीवर जो उंचवटा असतो त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी ३६. डावी ३९.५. डावीची कातडी हाताच्या मागच्या बाजूला गरम लागत होती. पोटरीच्या मधोमध, खोल, एका रेषेत दुखत होतं. दुखणं नेमकं कधी सुरू झालं, असं विचारलं तर सांगता येईना. हे महत्त्वाचं आहे. स्नायू ताणला गेला तर माणसाला तो क्षण आठवतो: रिक्षातून उतरताना, जिना चुकताना. गोळा आला तर तो एकदम येतो, पायाची बोटं वर ओढली की उतरतो. हे दुखणं न सांगता आलं होतं आणि दिवसागणिक वाढत होतं. पाय जड वाटत होता.

खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असावी का, हे ठरवायला डॉक्टर गुणांची एक पट्टी वापरतात. सूज तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त, एक गुण. शिरेच्या वाटेवर दुखतं, एक. अंगठ्याने खळगा पडतो, एक. दोन किंवा त्याहून जास्त म्हणजे शक्यता दाट. बाईंचे तीन झाले. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का ते बघायची एक जुनी चाचणी आम्हाला शिकवली होती. ती मी केली नाही. तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि हो आलं काय किंवा नाही आलं काय, मला पुढे जे करायचं होतं ते तेच राहणार होतं.

गंमत अशी की या पट्टीत लांबच्या प्रवासाला गुण नाहीत. गोळ्यांनाही नाहीत.

‘बाई, गोळ्या काही?’

‘नाही हो. तुम्हाला जूनमध्ये सांगितलं ना.’

मग मी वेगळं विचारलं. ‘गौरीच्या वेळी पाळी येणार होती का?’

‘हो ना, नेमकी पूजेच्या दिवशी. जाऊबाईंनी नाव सांगितलं, मेडिकलमधून आणल्या. दिवसाला तीन, दहा दिवस घेतल्या. परवा बंद केल्या. पण ते काही औषध नाही मॅडम, नुसती पाळी पुढे ढकलायची गोळी.’

श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे ही गोळी मेडिकलवाल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळते आणि बायका ती एकमेकींना लोणच्याच्या कृतीसारखी सांगतात. तिच्यात नॉरएथिस्टेरॉन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, असतं. पाळी लांबवायला लागते त्या मात्रेत त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनच्या जातीच्या द्रव्यात बदलतो, आणि ते रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतं. बहुतेकींना काही होत नाही. पण बाईंच्या बाबतीत वय चाळिशीपार, वजन थोडं जास्त, त्यावर ही गोळी, त्यावर पाय दुमडून सोळा तास, पाणी नाही, आणि आठवड्याभरात परत तेच. रक्त कुठे गोठतं याचं जे उत्तर एकोणिसाव्या शतकातले जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखलं जातं, ते असं: वाहणं मंदावलं, रक्ताचा गुण बदलला किंवा वाहिनीच्या भिंतीला इजा झाली की. इथे पहिल्या दोन गोष्टी हजर होत्या. तिसऱ्यासाठी मी तेल घेऊन उभी होते.

‘आज मी पायाला हात लावणार नाही,’ मी म्हटलं. बाई रागावल्या. पोटरी दुखतेय, हृदय नाही दुखत, असं म्हणाल्या. मी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना त्यांच्यासमोरच फोन लावला. श्वास, नाडी, बोटाला लावून ऑक्सिजन बघितला. ९८ होता, छातीत दुखत नव्हतं. तसं काही असतं तर सरळ इस्पितळ. नवरा स्कूटर घेऊन आला आणि त्या साडेसातच्या डॉपलरला, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीला, गेल्या. पुढच्या पेशंटला मी पाऊण तास उशिरा घेतलं, त्याने मला तसं ऐकवलंही.

डॉपलरमध्ये काय करतात हे मला नेहमी मजेशीर वाटतं. तिथेही शिरेवर दाबच देतात, पण पडद्यावर बघत, हलक्या हाताने. निरोगी शीर दाबली की चपटी होते. गुठळी असेल तर होत नाही. बाईंची गुडघ्यामागची शीर चपटी झाली नाही.

दाबलं असतं तर

काय झालं असतं, ते खात्रीने सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही. भाचा उभा राहिलाच होता आणि बाई चालत आल्या. पण खोल शिरेतली ताजी गुठळी भिंतीला सैलसर चिकटलेली असते. पोटरी घोट्याकडून वर पिळत नेली, आणि डीप टिश्यूमध्ये आम्ही नेमकं तेच करतो, तर तुकडा सुटू शकतो. तो मांडीतून पोटात, पोटातून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. दिल्लीत २०१६ मध्ये असं घडलं. बॅडमिंटन खेळताना घोटा दुखावलेला २३ वर्षांचा मुलगा, प्लॅस्टर निघाल्यावरही पाय सुजलेला. आईने पाय चोळून दिला आणि तो कोसळला, वाचला नाही. एम्सच्या डॉक्टरांनी ते प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. मी ते वाचलं होतं. माहीत होतं. तरीही तेल हातावर घेतलं होतं.

खोल मसाजचे बाकीचे धोके तसे विरळ आहेत, पण प्रत्येकाचा चेहरा ठरलेला आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या स्नायूत आत रक्त साचतं. हाडं ठिसूळ झालेल्या आजींच्या पाठीवर कोपर टेकवलं तर बरगडी जाऊ शकते. साखर जुनी असेल तर पायाला किती दाब लागतोय हे पेशंटलाच कळत नाही, त्यामुळे ‘दुखलं तर सांगा’ या वाक्याला अर्थ उरत नाही. गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागात मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या आहेत. तिथे मी कुणालाही खोल दाबत नाही, कितीही आग्रह झाला तरी. मानेच्या कडेने खांदा उचलणारी नस वरवरून जाते, तीसुद्धा जोराच्या मसाजने दुखावल्याची उदाहरणं आहेत. आणि फार वेळ, फार जोरात सगळं अंग रगडून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली तर ते स्नायू मोडून मूत्रपिंडावर भार पडल्याचं लक्षण असतं. त्याला ‘विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत’ म्हणणारे लोक मला भेटले आहेत. तालमीतल्या जुन्या वस्तादांना यातलं बरंच ठाऊक असतं. ताप असलेल्या किंवा ताज्या मुकामाराच्या पैलवानाला ते मालिशीला घेत नाहीत. पण त्यांच्यासमोर विशीतला निरोगी गडी असतो. माझ्या टेबलावर चाळिशीतल्या बाई असतात.

त्या आठवड्यात मी फॉर्म बदलला. ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ हा प्रश्न काढून टाकला. आता विचारते: गेल्या महिन्यात तोंडाने काय काय घेतलं? पाळीसाठी, मूल होण्यासाठी किंवा न होण्यासाठी, वजनासाठी, आयुर्वेदिक, जिमची पावडर. शिवाय प्रवास, प्लॅस्टर, ऑपरेशन, अंथरुणावर पडून राहणं. ओळखीचा पेशंट नवं दुखणं घेऊन आला तर तो नवा पेशंट. पोटरीचं दुखणं असेल तर टेप आधी, तेल नंतर. दोन मिनिटं लागतात.

नंतर

बाईंना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले २१ दिवस दिवसातून दोन, मग एक, एकूण तीन महिने. घरच्यांनी त्यांना अंथरुणावर बसवून ठेवलं होतं, डॉक्टरांनी उठवलं. औषध सुरू झाल्यावर चालायला हरकत नसते, उलट चालावं. दुसऱ्या आठवड्यात त्या शाळेत गेल्या. संप्रेरकाची गोळी पुन्हा घ्यायची झाली तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी ही गुठळी सांगायची, हे त्यांच्या फाईलवर लाल शाईने लिहिलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मान परत धरली. सहामाहीचे पेपर. त्या आल्या आणि टेबलावर बसून, जरा चाचरत, म्हणाल्या, ‘मानेला तरी चालेल ना?’ नव्हतं चालणार. रक्त पातळ असताना जूनमधल्या त्या दोन डागांच्या जागी काय झालं असतं, याचा मला विचारही करायचा नव्हता. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, अगदी हलका हात, आणि टॉवेल मानेमागे धरून करायचा एक व्यायाम, एवढंच दिलं. चार वेळा आल्या. दुखणं सहावरून तीनवर आलं. जूनमध्ये कोपर वापरून सातवरून दोनवर आलं होतं. फरक आहे, पण मला वाटला होता तेवढा नाही.

डिसेंबरमध्ये गोळ्या संपल्या तेव्हा मी पुन्हा टेप लावली. उजवी ३६, डावी ३७. अशा पायात थोडी सूज कायमची राहू शकते, हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मग पुढच्या गणपतीचं काढलं. या वेळी रेल्वेनेच जाणार, तिकीट नाही मिळालं तर जाणारच नाही. आणि पाळीचं? तेही सासूबाईंना फोनवर सांगून टाकलं म्हणाल्या, गोळी घेणार नाही, आली तर आली.

‘मग? काय म्हणाल्या सासूबाई?’

बाई हसल्या आणि मालवणीत म्हणून दाखवलं. ‘मगे काय झाला गो? नैवेद्य मी करतलंय, तू गप बस.’